विश्लेषण : सरकार घरं बांधतं, मग ती सांभाळण्याची नोकरी कुठे आहे? नांदेड-लातूरच्या तरुणांनी समजून घ्यावं असं गणित

म्हाडाची ५६५ पदांची भरती अनेकांना आठवत असेल. २०२१ मध्ये जाहिरात आली, १२ डिसेंबरची परीक्षा पेपरफुटीच्या प्रकारामुळे ऐनवेळी पुढे ढकलली गेली आणि नंतर २०२२ मध्ये ती ऑनलाइन झाली. गोंधळाची चर्चा खूप झाली, पण त्या जाहिरातीतल्या एका आकड्याकडे फारसं कोणाचं लक्ष गेलं नाही.

५६५ पैकी कनिष्ठ लिपिकाच्या जागा होत्या २०७ आणि कनिष्ठ अभियंत्याच्या ११९. बांधून झालेल्या घरांचा कारभार ज्याच्या पदनामातच आहे, त्या ‘मिळकत व्यवस्थापक/प्रशासकीय अधिकारी’ पदाच्या जागा होत्या फक्त २.

आता दुसरी जाहिरात पाहा. २०२४ मध्ये समाजकल्याण आयुक्तालयाने २१९ पदांची भरती काढली. त्यात वसतिगृह सांभाळणाऱ्या ‘गृहपाल’ पदाच्या जागा होत्या १५३ : ९२ महिला गृहपाल आणि ६१ सर्वसाधारण.

दोन्ही ठिकाणी काम एकाच स्वरूपाचं आहे, सरकारी पैशातून लोकांना निवारा देण्याचं. तरीही एकीकडे सांभाळणाऱ्याच्या दोन जागा आणि दुसरीकडे दीडशेहून जास्त. असं का?

नांदेड, लातूरमध्ये खोली घेऊन सरळसेवेची तयारी करणाऱ्या हजारो मुला-मुलींसाठी या प्रश्नाचं उत्तर महत्त्वाचं आहे. ‘आवास योजनेत व्यवस्थापक पदांची भरती’ असे मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात, तेव्हा त्यातलं खरं काय आणि खोटं काय, हे ओळखण्याची किल्लीही याच उत्तरात आहे.

घर कोणाच्या नावावर, यावर नोकरी ठरते

ब्रिटनमध्ये नगरपालिका आणि गृहनिर्माण संस्था लाखो घरं स्वतःच्या मालकीची ठेवतात आणि कमी भाड्याने देतात. घर त्यांचं असल्यामुळे भाडं गोळा करणं, गळती दुरुस्त करणं, तक्रारी ऐकणं, रिकामं घर पुन्हा देणं ही कामंही त्यांचीच. यातूनच तिथे ‘हाउसिंग ऑफिसर’ हा व्यवसाय उभा राहिला. लंडनमध्ये ऑक्टाव्हिया हिल या बाईंनी १८६५ च्या सुमारास गरिबांच्या घरांचं व्यवस्थापन हाती घेतलं आणि पुढे त्यासाठी स्त्रियांना प्रशिक्षण दिलं.

महाराष्ट्रातही सरकार घरमालक राहिलेलं आहे. मुंबईतल्या बीडीडी चाळी हे त्याचं सर्वांत ठळक उदाहरण. १९२० च्या दशकात बांधलेल्या या चाळींची देखभाल सार्वजनिक बांधकाम विभागाकडे होती.

पण नंतरच्या बहुतेक योजनांनी वेगळी वाट धरली. घर किंवा घरासाठीचा पैसा लाभार्थ्याला द्यायचा आणि मालकीही त्याचीच करायची. गरीब कुटुंबाच्या दृष्टीने हे चांगलंच आहे. डोक्यावर हक्काचं छप्पर येतं, कोणी बाहेर काढत नाही. मात्र मालकी दिली की सांभाळण्याची जबाबदारीही दिली जाते. सरकारच्या लेखी घर ‘पूर्ण’ झालं की फाइल बंद.

म्हणून आपल्याकडे घर बांधून होईपर्यंतच्या कामासाठी माणसं लागतात. बांधून झाल्यानंतरच्या कामासाठी पद जवळपास नाहीच.

गावात काय काम मिळतं?

नांदेड जिल्ह्यात १६ तालुके आणि लातूरमध्ये १०. या सगळ्या तालुक्यांत पंतप्रधान आवास योजना ग्रामीण, रमाई, शबरी आणि मोदी आवास अशा योजनांतून घरकुलं होतात. केंद्राची ग्रामीण योजना नोव्हेंबर २०१६ मध्ये सुरू झाली. सपाट भागात घरामागे १ लाख २० हजार रुपये, शिवाय रोजगार हमीची मजुरी आणि शौचालयासाठी वेगळे १२ हजार, अशी तिची रचना. घराचं किमान क्षेत्रफळ २५ चौरस मीटर. राज्याने २०२५ मध्ये त्यात ५० हजारांची भर घालायचं ठरवलं.

पैसे हप्त्याने येतात. जोतं झालं, भिंती उठल्या, स्लॅब पडला, की प्रत्येक टप्प्याचा फोटो जागेवर जाऊन, अक्षांश-रेखांशासह अ‍ॅपवर चढवावा लागतो. तो चढला नाही तर पुढचा हप्ता अडकतो. हे काम करतो ग्रामीण गृहनिर्माण अभियंता. त्याच्या जोडीला तालुक्याला डेटा एंट्री ऑपरेटर आणि जिल्ह्याला जिल्हा ग्रामीण विकास यंत्रणेतला कक्ष असतो.

स्थापत्य पदविका घेतलेल्या तरुणासाठी ही गावाजवळची पहिली नोकरी ठरू शकते. पण ती कंत्राटी असते, बहुतेक वेळा बाह्ययंत्रणेमार्फत, आणि तिचा पैसा योजनेच्या प्रशासकीय निधीतून येतो. त्यामुळे घरकुलांचं उद्दिष्ट वाढलं की काम वाढतं आणि उद्दिष्ट संपलं की नोकरीही धोक्यात येते. २२ फेब्रुवारी २०२५ रोजी पुण्यातल्या कार्यक्रमात राज्यातल्या २० लाख लाभार्थ्यांना मंजुरीपत्रं देण्यात आली. सध्याची मागणी या लाटेतून आलेली आहे. लाट ओसरल्यावर काय, हा प्रश्न आजच विचारायला हवा.

याच योजनेत आणखी एक वाट आहे, तिच्याकडे दुर्लक्ष होतं. ग्रामीण गवंडी प्रशिक्षण हा ४५ दिवसांचा कार्यक्रम असून त्यात प्रत्यक्ष घर बांधता बांधता शिकवलं जातं आणि शेवटी प्रमाणपत्र मिळतं. घरकुल झाल्यावर पाच-सात वर्षांनी गळती काढायला, भेगा भरायला, वर एक खोली चढवायला गवंडीच लागतो. सरकारी पद संपतं, त्याचं काम संपत नाही.

शहरात काय चित्र आहे?

नांदेडचा अनुभव इथे महत्त्वाचा. २००५ मध्ये केंद्राने जेएनएनयूआरएम ही शहर विकास योजना आणली. मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक यांच्या बरोबरीने राज्यातून नांदेडची निवड झाली. २००८ मध्ये गुरु-ता-गद्दीचा त्रिशताब्दी सोहळा होता, शहराचा कायापालट व्हायचा होता. या योजनेतल्या ‘बीएसयूपी’ या भागातून शहरातल्या गरीब वस्त्यांमध्ये घरकुलं बांधली गेली.

तेव्हाही माणसं लागली : सर्वेक्षणाला, लाभार्थ्यांची यादी करायला, बांधकाम तपासायला. मात्र ही सगळी गरज प्रकल्पापुरती होती.

२०१५ च्या शहरी आवास योजनेने महापालिकांसाठी ‘शहर स्तरीय तांत्रिक कक्ष’ ही रचना दिली. नगररचना, स्थापत्य, माहिती व्यवस्थापन, सामाजिक विकास अशा विषयांचे तज्ज्ञ त्यात घेता येतात. एमएसडब्ल्यू केलेल्यांना शहरी गृहनिर्माणात शिरण्याची ही एक खरी जागा आहे. पण हीही कंत्राटी आणि प्रकल्पाच्या मुदतीशी बांधलेली.

म्हाडाचं काय? मराठवाड्याचा कारभार छत्रपती संभाजीनगरचं मंडळ पाहतं. मिळकत व्यवस्थापकाचं काम म्हणजे सेवाशुल्काची वसुली, नावावर घर करण्याचे अर्ज, अनधिकृत राहणाऱ्यांची तपासणी, सोसायटीकडे हस्तांतरण. पद चांगलं आहे, पण ५६५ मध्ये २ हा आकडा लक्षात ठेवा. फक्त त्या पदाच्या आशेवर वर्षं घालवण्यात अर्थ नाही. लिपिक किंवा सहायक म्हणून म्हाडात शिरून मिळकत विभागाचं काम शिकणं, हा जास्त वास्तव रस्ता आहे.

किल्लारीने तीस वर्षांपूर्वी काय दाखवलं होतं?

घरांसोबत माणूसही द्यावा लागतो, हा धडा लातूरने फार मोठी किंमत मोजून शिकलेला आहे.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसर हादरला. सरकारी आकड्यानुसार ७,९२८ माणसं गेली. जागतिक बँकेच्या मदतीने राज्याने भूकंप पुनर्वसन कार्यक्रम हाती घेतला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली ५२ गावं नव्या जागी वसवण्यात आली. जमीनधारणेनुसार २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची घरं दिली गेली. त्याशिवाय आसपासच्या जिल्ह्यांतल्या जवळपास दोन लाख घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण मालकांनी स्वतः करायचं होतं, सरकार पैसा आणि तांत्रिक मदत देणार होतं.

इथे अडचण आली. अभियंता येऊन सांगून जायचा, कागद यायचा, पण घरातल्या माणसांपर्यंत नेमकी माहिती पोहोचायची नाही. मग प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या मदतीने गावोगावी ‘संवाद सहायक’ नेमण्यात आल्या. गावातल्याच महिला. हजाराहून जास्त गावांत त्यांनी काम केलं. हप्ता कधी येणार, कोपऱ्यात कसं बांधायचं, सिमेंट कसं तपासायचं, तक्रार कुठे न्यायची, हे त्या घरोघरी सांगत आणि गावाचं म्हणणं अधिकाऱ्यांपर्यंत नेत.

आजच्या भाषेत हे गृहनिर्माण व्यवस्थापनच होतं. पुढे या महिलांनी गुजरातच्या भूकंपानंतर आणि तमिळनाडूत त्सुनामीनंतर तिथल्या महिलांना आपला अनुभव सांगितला.

पण कार्यक्रम संपला तशी ही भूमिकाही संपली. सरकारी व्यवस्थेत तिचं कायमचं पद झालं नाही. इकडे नवी गावं जुन्या गावठाणांपेक्षा कितीतरी पट पसरलेली होती. रस्ते, गटारं, नळ, दिवे, सगळ्याची लांबी वाढली आणि ती सांभाळण्याचा भार पडला त्याच लहानशा ग्रामपंचायतीवर. घरं मिळाली, सांभाळणारं कोणी मिळालं नाही.

मग कायमची नोकरी कुठे आहे?

जिथे मालकी किंवा ताबा सरकारकडेच राहतो, तिथे. त्यात सर्वांत मोठं क्षेत्र आहे वसतिगृहांचं.

समाजकल्याण विभागाच्या २०२४ च्या जाहिरातीत गृहपाल पदाची वेतनश्रेणी एस-१४, म्हणजे ३८,६०० ते १,२२,८०० रुपये होती. हे पद नियमित आहे. प्रवेश, हजेरी, भोजनाचा ठेका, इमारतीची दुरुस्ती, पाणी, सुरक्षा, निर्वाह भत्ता आणि शंभरेक मुलामुलींची जबाबदारी, असं हे काम. आदिवासी विकास विभागातही गृहपाल हे पद आहे. नांदेड जिल्ह्यात किनवटला या विभागाचं प्रकल्प कार्यालय आहे.

त्यात नवी भरही पडते आहे. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना २०२१ मध्ये आली. १० जिल्ह्यांतल्या ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहं, असं तिचं स्वरूप आणि या १० जिल्ह्यांत लातूर, नांदेड दोन्ही आहेत. इतर मागास प्रवर्गातल्या विद्यार्थ्यांसाठी प्रत्येक जिल्ह्यात मुलांचं एक आणि मुलींचं एक, अशी ७२ वसतिगृहं मंजूर झाली आहेत.

पण नवीन वसतिगृह म्हणजे नवीन कायम पद, असं गृहीत धरू नका. अनेक ठिकाणी इमारत भाड्याची आणि मनुष्यबळ बाह्ययंत्रणेचं असतं. शिवाय वसतिगृहात जागा नसलेल्यांना स्वाधार किंवा आधारसारख्या योजनांतून थेट खात्यात पैसे दिले जातात. विद्यार्थ्याची सोय होते, पण घरकुलाचंच गणित इथेही लागू पडतं. सरकारने खोलीऐवजी रोख रक्कम दिली, की गृहपालाची गरज उरत नाही.

सोसायटी : लहान पगाराचं, पण वाढणारं काम

म्हाडाची किंवा परवडणाऱ्या घरांची इमारत शेवटी सहकारी सोसायटीकडे जाते. १९६० च्या सहकारी संस्था कायद्यात २०१९ मध्ये गृहनिर्माण संस्थांसाठी स्वतंत्र प्रकरण घालण्यात आलं. हिशेब, दरवर्षीचं लेखापरीक्षण, सभा, निवडणूक हे सगळं कायद्याने करावंच लागतं. रोजंदारीवर किंवा दुकानात काम करणाऱ्या सभासदांना हे जमत नाही. मग दफ्तर कपाटात पडून राहतं.

या कामासाठी राज्याच्या सहकार विभागाच्या दोन परीक्षा आहेत. जी.डी.सी. अँड ए. ही सहकार आणि लेखा विषयाची पदविका आणि सी.एच.एम. हे सहकारी गृहनिर्माण व्यवस्थापनाचं प्रमाणपत्र. पहिली परीक्षा अनेकांना ठाऊक असते, दुसरी फारच थोड्यांना. जी.डी.सी. अँड ए. झालेल्यांना अनुभवाच्या अटी पूर्ण केल्यावर प्रमाणित लेखापरीक्षक म्हणून नामतालिकेत येता येतं.

पण गरीब सोसायटी व्यवस्थापकाला पगार देऊ शकेल का? एक साधा हिशेब करू.

आदर्श उपविधींनुसार बांधकाम खर्चाच्या दरवर्षी ०.७५ टक्के दुरुस्ती निधी आणि किमान ०.२५ टक्के सिंकिंग फंड जमा करायचा असतो. घराचा बांधकाम खर्च ८ लाख धरला, तर वर्षाला ६,००० अधिक २,०००, म्हणजे ८,००० रुपये. महिन्याला सुमारे ६६७. यात पाणी, वीज, सफाई आलेली नाही. आता ४० घरांच्या एका इमारतीने १२ हजार पगारावर व्यवस्थापक ठेवला, तर प्रत्येक घरावर महिन्याला आणखी ३०० रुपये येतात. मजुरी करणारं कुटुंब ते देणार नाही.

पण अशाच दहा इमारतींनी, म्हणजे ४०० घरांनी मिळून एक माणूस ठेवला, तर घरामागे येतात ३० रुपये.

फरक इथेच पडतो. एका इमारतीला न परवडणारा व्यवस्थापक दहा इमारतींना सहज परवडतो. त्यासाठी कोणीतरी त्या दहा इमारतींना एकत्र आणायला हवं. महापालिका किंवा म्हाडा हस्तांतरणाच्या वेळीच ही अट घालू शकते. तोवर चार-पाच सोसायट्यांचं दफ्तर एकट्याने सांभाळणारा स्थानिक तरुण हे काम स्वतः उभं करू शकतो.

लातूरमध्ये तर या कामाची सुरुवातच पाण्यापासून होते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलेलं हे शहर आहे. टाकी किती भरली, टँकर कधी मागवायचा, बोअर केव्हा बंद करायचा, याची नोंद ठेवणारा माणूस तिथे शोभेचा नसतो.

भाड्याच्या घरांनी चित्र बदलेल का?

सरकार पुन्हा घरमालक होण्याच्या दिशेने थोडं वळताना दिसतं. १ सप्टेंबर २०२४ पासूनच्या शहरी आवास योजना २.० मध्ये परवडणारी भाड्याची घरं हा स्वतंत्र घटक आहे. कामगार, नोकरदार महिला, विद्यार्थी, स्थलांतरित यांच्यासाठी घरं बांधायची, चालवायची आणि सांभाळायची, अशी ही कल्पना. राज्याच्या २०२५ च्या गृहनिर्माण धोरणातही २०३० पर्यंत ३५ लाख घरांचं उद्दिष्ट असून भाड्याच्या घरांचा विचार आहे.

लातूरला रेल्वे कोच कारखाना आहे, दोन्ही शहरांत बाहेरगावचे विद्यार्थी आहेत. गरज आहेच. हा घटक इथे प्रत्यक्षात आला, तर व्यवस्थापकाशिवाय तो चालूच शकत नाही.

मात्र आधीचा अनुभव सावध करणारा आहे. २०२० मध्ये केंद्राने जुन्या योजनांतली रिकामी पडलेली घरं भाड्याने द्यायचं ठरवलं. देशभरात अशी ८३,५३४ घरं नोंदली गेली. संसदेत वेळोवेळी दिलेल्या माहितीनुसार त्यातली ५,६४८ प्रत्यक्षात भाड्याच्या वापरात आणली गेली. म्हणजे शंभरात सातही नाहीत.

मग आज काय करावं?

स्थापत्य पदविका असेल, तर घरकुलाचं कंत्राटी काम अनुभव म्हणून घ्या, पण म्हाडा, जिल्हा परिषद आणि महापालिकेच्या नियमित परीक्षांची तयारी सोडू नका.

कोणत्याही शाखेची पदवी असेल, तर गृहपाल पदाचा अभ्यासक्रम आणि पात्रता मूळ जाहिरातीत वाचा. महिलांसाठी इथे जागांचं प्रमाण चांगलं आहे.

वाणिज्य शाखा असेल, तर जी.डी.सी. अँड ए. आणि सी.एच.एम. या परीक्षांच्या अधिसूचनेवर लक्ष ठेवा. जिल्हा उपनिबंधक कार्यालयात चौकशी करता येते.

कंत्राटी जाहिरात वाचताना तीन गोष्टी आधी शोधा : नेमणूक कोण करतंय, मानधन महिन्याला आहे की घरकुलामागे, आणि मुदत किती. तिन्हींचं उत्तर सापडलं नाही तर थांबा.

आणि ‘आवास योजना व्यवस्थापक’ पदासाठी कोणी फोनवर नोंदणी शुल्क मागत असेल, तर वरचा सगळा हिशेब आठवा. ज्या योजनेत घर लाभार्थ्याच्या नावावर होतं, तिथे गावोगावी व्यवस्थापक नेमायला पदच नाही. नसलेल्या पदासाठी पैसे भरू नका.

नोकरीचा प्रश्न इथे संपतो, घरांचा नाही. येत्या काही वर्षांत नांदेड, लातूरमध्ये आणखी हजारो घरकुलं उभी राहतील. दहा वर्षांनी त्यांचे स्लॅब गळू लागतील, मोटारी जळतील, वारसांच्या नोंदी अडतील. तेव्हा लोक कोणाकडे जाणार? किल्लारीच्या संवाद सहायकांनी त्याचं उत्तर १९९० च्या दशकातच दिलं होतं. बांधकामाच्या खर्चातला अगदी छोटा वाटा सांभाळणाऱ्या माणसासाठी राखून ठेवला, तर घरही टिकेल आणि गावातल्याच कुणाला तरी हक्काचं काम मिळेल. पुढच्या वेळी तुमच्या भागात घरकुलांची यादी जाहीर होईल, तेव्हा ग्रामसभेत हा एक प्रश्न जरूर विचारा : बांधून झाल्यावर सांभाळणार कोण?